जुना फ्रिज टाकायचे पैसे कोण देणार? जपानच्या २००१ च्या कायद्याचं प्रकरण

१ एप्रिल २००१ पासून जपानमध्ये घरातला जुना फ्रिज बाहेर काढायचा तर ४,६०० येन मोजावे लागायला लागले. एसीचे ३,५००, टीव्हीचे २,७००, वॉशिंग मशीनचे २,४००. ही झाली फक्त रिसायकलिंगची फी, त्यावर टॅक्स आणि दुकानदार घरून उचलून न्यायचे जे काही घेईल ते वेगळं. म्हणजे वस्तू घेताना पैसे दिले, पंधरा वर्षं तिचं लाइट बिल भरलं, आणि आता ती बिचारी मेली तर तिच्या क्रियाकर्माचेही पैसे तुम्हीच द्या. आपल्याकडे असं कोणी जाहीर केलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं ते सांगायला नको. पण जपानमध्ये लोकांनी पैसे दिले. सगळ्यांनी नाही, ते पुढे येईलच, पण पहिल्या वर्षात साधारण साडेपंच्याऐंशी लाख वस्तू या रस्त्याने गेल्या आणि दुसऱ्या वर्षी आकडा एक कोटीच्या वर गेला.

ई-कचऱ्यासाठी ग्राहक पैसे द्यायला तयार असतात का, या प्रश्नावर जगभर ढिगाने सर्व्हे झालेत. बहुतेकांची पद्धत एकच, फॉर्म हातात द्यायचा आणि विचारायचं की तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची नीट विल्हेवाट लावायला तुम्ही किती द्याल, शंभर, दोनशे, पाचशे? याला कंटिंजंट व्हॅल्युएशन म्हणतात. अडचण अशी की फॉर्मवर टिक करायला काही लागत नाही, आणि समोर एखादी कॉलेजची मुलगी बसून पर्यावरणाबद्दल विचारत असेल तर कोण शून्य लिहील? म्हणून मला सर्व्हेपेक्षा जपानचं प्रकरण जास्त कामाचं वाटतं, कारण तिथे एका अख्ख्या देशाला खरोखर बिल दिलं गेलं आणि मग लोक काय करतात ते वीस-पंचवीस वर्षं बघता आलं.

हे बिल आलं कुठून

आधीची परिस्थिती अशी होती की घरातला मोठा कचरा म्हणजे नगरपालिकेची जबाबदारी. सोफा, गादी, फ्रिज सगळं एकाच माळेत. काही दुकानं नवीन फ्रिज दिला की जुना तसाच उचलून न्यायची, सर्व्हिस म्हणून. पुढे काय व्हायचं तर मशीनमध्ये घालून चुरा करायचा, लोखंड काढून घ्यायचं आणि उरलेलं जमिनीत पुरायचं. वर्षाला साधारण सहा लाख टन घरगुती उपकरणं निघत होती आणि त्यातला बहुतेक भार या चार वस्तूंचाच. आता जपान म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत दाटीवाटीने राहणारा देश, डम्पिंग ग्राउंडला जागा आणायची कुठून. त्यात तेशिमा बेटाचं प्रकरण गाजत होतं, सेतोउचीच्या समुद्रातलं छोटंसं बेट, तिथे एका कंपनीने गाड्यांचा चुरा आणि बाकी औद्योगिक कचरा वर्षानुवर्षं आणून टाकला आणि तिथल्या गावकऱ्यांना २००० साली समझोता होईपर्यंत भांडावं लागलं. चुऱ्यात शिसं असतं, बाकी काय काय असतं, ते साध्या खड्ड्यात टाकायचं नाही असे नियम नव्वदच्या दशकात कडक झाले आणि खर्च वाढला.

मग १९९८ मध्ये कायदा पास झाला आणि काम तिघांत वाटलं गेलं. कंपनीने रिसायकल करायचं, दुकानदाराने गोळा करून कंपनीच्या ठरलेल्या केंद्रावर पोचवायचं, आणि ग्राहकाने पैसे द्यायचे. कंपन्यांनी ए आणि बी असे दोन गट केले, एकात मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) आणि तोशिबा वगैरे, दुसऱ्यात हिताची, मित्सुबिशी, शार्प, सोनी वगैरे, आणि प्लँट आपापसात वाटून घेतले. प्रत्येक वस्तूला एक पावती चिकटते, तिच्यावर नंबर असतो आणि त्या नंबरवरून आपला फ्रिज प्लँटला पोचला की नाही ते ग्राहकाला बघता येतं. हा नंबर मला फार महत्त्वाचा वाटतो. पैसे दिल्यावर त्यांचं काय झालं ते दिसलं तर माणूस परत द्यायला तयार होतो. आपल्याकडे कचऱ्याच्या नावाने टॅक्स भरला की तो कुठे जातो ते देवालाच माहीत.

कायदा होताना खरं भांडण पैसे कधी घ्यायचे यावर झालं. नगरपालिकांचं म्हणणं होतं की खरेदीच्या वेळी, किमतीतच घ्या, नाहीतर लोक रात्री डोंगरात नेऊन टाकतील आणि ते उचलायचं काम शेवटी आमच्याच गळ्यात पडेल. कंपन्यांचं म्हणणं, टाकताना घ्या. त्यांचे मुद्देही पोकळ नव्हते. फ्रिज दहा-पंधरा वर्षं चालतो, पंधरा वर्षांनी रिसायकलिंगला किती खर्च येईल ते आज कसं सांगणार, मधल्या काळात पैसा कोणी सांभाळायचा, कंपनी बुडाली तर काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे लोकांच्या घरात आधीच पडलेल्या कोट्यवधी वस्तू, ज्यांच्यावर कधीच काही फी घेतलेली नव्हती, त्यांचा खर्च नवीन ग्राहकाच्या माथी मारणार का? कंपन्या जिंकल्या. एक कारण ते उघड बोलले नाहीत पण समजायला अवघड नाही, फी किमतीत टाकली तर स्पर्धेत ती शेवटी कंपनीलाच सोसावी लागते, आणि दारात वेगळी घेतली तर ती ग्राहकाचीच राहते.

पैसे कोणी दिले

आता गंमत बघा. कायदा लागू व्हायच्या आधी दुकानांत झुंबड उडाली, एप्रिलच्या आत जुनं देऊन नवीन घ्यायचं म्हणून. म्हणजे फी टाळण्यासाठी माणूस नवीन वॉशिंग मशीन घ्यायला तयार आहे. हिशोब म्हणून याला काही अर्थ नाही, पण माणसं अशीच वागतात, दहा रुपये पार्किंग वाचवायला अर्धा किलोमीटर लांब गाडी लावणारे आपण सगळे.

एप्रिलनंतर मात्र पैसे बहुतेक त्यांनीच दिले जे नवीन वस्तू घेत होते. कायद्याने दुकानदारावर दोनच सक्ती होत्या, एक म्हणजे आपण विकलेली वस्तू ग्राहक परत आणेल तर घ्यायची, दुसरी म्हणजे त्याच प्रकारची नवीन वस्तू विकताना जुनी उचलायची. तर दृश्य असं की दारात नवीन फ्रिज घेऊन दोन माणसं उभी आहेत, युनिफॉर्म घातलेली, बूट काढून आत येणारी, जुना फ्रिज रिकामा करून ठेवलेला आहे, नवीनला जागा पाहिजे, लाखभर येन आधीच गेलेत, आणि बिलावर एक ओळ आहे रिसायकलिंग फी आणि वाहतूक. त्या क्षणी कोण नाही म्हणणार? पर्यावरणाच्या प्रेमाने देतोय की कटकट नको म्हणून देतोय हे त्या माणसाला स्वतःलाही सांगता येणार नाही.

उलट ज्याच्याकडे नवीन वस्तू येत नाहीये त्याचं बघा. विद्यार्थी होस्टेल सोडतोय. आजी वारली आणि तिचं घर रिकामं करायचंय. बेडरूममधला दुसरा टीव्ही नुसता पडून आहे. ज्या दुकानातून घेतला ते बंद पडलं किंवा दुसऱ्या शहरात आहे. इथे दुकानदार बांधील नाही, ग्राहकाने स्वतः पोस्ट ऑफिसात जाऊन फी भरायची, पावती घ्यायची आणि वस्तू स्वतः गाडीत घालून केंद्रावर न्यायची, नाहीतर नगरपालिकेने नेमलेल्या माणसाला वेगळे पैसे देऊन बोलवायचं. फी तीच पण त्रास चौपट. आणि इथेच लोक गळायला लागले.

डोंगरात, नदीकाठी, ओसाड रस्त्याला टाकलेल्या या चार वस्तूंची मोजदाद तिथलं पर्यावरण खातं दरवर्षी करतं. कायद्यानंतर हा आकडा वाढला, २००३ च्या सुमाराला वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास गेला आणि मग हळूहळू खाली आला. बेकायदा कचरा टाकला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक कोटी येनपर्यंत दंड, अशी शिक्षा कायद्यात आहे. पावणेदोन लाख मोठा आकडा वाटतो, पण एक कोटी रीतसर आलेल्या वस्तूंसमोर ठेवला तर दोन टक्केही नाही. नगरपालिकांनी सांगितलेलं भाकीत खरं ठरलं, पण ज्या प्रमाणात ते घाबरवत होते त्या प्रमाणात नाही.

मग बाकीचं गेलं कुठे? कारण २००५ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त वस्तू घराबाहेर पडत होत्या आणि कंपन्यांच्या प्लँटला त्यातल्या साधारण निम्म्याच येत होत्या. उरलेल्या निम्म्या काही डोंगरात नव्हत्या. त्या जपानच्या भंगारवाल्याकडे होत्या.

हो, जपानमध्येही भंगारवाला आहे

आपल्याला वाटतं तिकडे सगळं शिस्तीत. पण जपानच्या गल्ल्यांमधून छोटे ट्रक फिरतात, लाउडस्पीकर लावलेला, रेकॉर्ड केलेला आवाज, जुने टीव्ही, जुने फ्रिज, चालू असो बंद असो, फुकट नेतो. आपल्या "भंगाssर" वाल्याचा हा सख्खा भाऊ, फक्त आवाज गोड. घरातला कचरा गोळा करायला नगरपालिकेची परवानगी लागते आणि यातल्या बऱ्याच जणांकडे ती नसते, त्यामुळे सरकार दरवर्षी पत्रकं काढून सांगतं की यांना देऊ नका. लोक देतात. चालू वस्तू सेकंडहँड म्हणून परदेशात जायच्या, बंद पडलेल्या दाबून मिश्र भंगार म्हणून बोटीत भरून जायच्या, त्यातलं भरपूर चीनला, अगदी २०१८-१९ मध्ये चीनने मिश्र भंगाराला दार लावेपर्यंत. फी घेऊन वस्तू प्लँटला न पाठवता परस्पर विकल्याची प्रकरणं काही मोठ्या दुकानांमध्येही निघाली, तेव्हा बरीच छी थू झाली होती.

म्हणजे ग्राहकाच्या समोर प्रत्यक्षात तीन दारं होती. फ्रिजची फी आणि वाहतूक मिळून साडेसात हजार येन द्या आणि निवांत व्हा. शून्य येन द्या आणि ट्रकवाल्याला द्या. किंवा रात्री गाडीत घालून डोंगरात जा. पैसे द्यायची तयारी आहे का असं विचारताना सर्व्हे पहिलंच दार दाखवतो. माझ्या मते या विषयातली निम्मी गडबड इथेच आहे.

आता एसीचं बघा, कारण या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मजेशीर भाग तोच आहे. चार वस्तूंत एसीमध्ये माल जास्त, तांब्याची नळी, ॲल्युमिनियमचे फिन, कॉम्प्रेसर. प्लँटला एसी फोडून पैसे सुटतात, म्हणून वर्षांमागून वर्षं कंपन्यांनी फी कमी करत आणली, ३,५०० वरून ती आता हजार येनच्याही खाली आहे. फी सगळ्यात कमी झाली म्हणजे एसी सगळ्यात जास्त परत यायला पाहिजेत ना? उलटं आहे. चौघांत एसीचंच परत येण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. ज्या तांब्यामुळे फी उतरली त्याच तांब्यासाठी भंगारवाला, एसी काढणारा मेकॅनिक, बिल्डिंग पाडणारा ठेकेदार सगळे टपलेले असतात आणि वस्तू ग्राहकाच्या हातात राहतच नाही. आणि गॅस? तो हवेत सोडून दिला की संपलं. कायद्याने प्लँटला एसी-फ्रिजमधला गॅस काढून घ्यावाच लागतो, फ्रिजच्या भिंतीतल्या फोममधलाही नंतर सक्तीचा झाला, भंगारवाल्याला असलं काही नाही.

टीव्हीची गोष्ट बरोबर उलट. जुना डबा टीव्ही म्हणजे शिशाची काच, ती फोडून कोणाला काही मिळत नाही, पातळ टीव्ही आल्यावर तर त्या काचेचं नवीन काचेतही काही करता येईना. म्हणून रस्त्याकडेला टाकलेल्या मालात टीव्हीच सगळ्यात जास्त सापडतात. ज्यात पैसा आहे ते भंगारवाला पळवतो, ज्यात नाही ते डोंगरात जातं, आणि मधलं जे उरतं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन, ते सगळ्यात इमानदारीने प्लँटला येतं. त्यांना घेऊन डोंगरात जाणं एकट्यादुकट्याचं काम नाही, हेही एक कारण असेल म्हणा.

सरकारने फी परत केली तेव्हा

२००९ ते २०११ मध्ये एक प्रयोग आपोआप झाला. मंदीमध्ये बाजार हलवायला सरकारने इको-पॉइंट योजना काढली, कमी वीज खाणारा टीव्ही, एसी, फ्रिज घ्या आणि पॉइंट मिळवा, आणि जुनी वस्तू रीतसर रिसायकल केली तर वरती जास्तीचे पॉइंट. टीव्हीला आणि एसीला ३,०००, फ्रिजला ५,०००. एक पॉइंट म्हणजे एक येन धरा. म्हणजे फी जवळजवळ तेवढीच आणि परत मिळणारं तेवढंच. त्यात २४ जुलै २०११ ला ॲनालॉग टीव्ही बंद होणार होता (भूकंपाचा फटका बसलेली तीन प्रांतं सोडून), त्यामुळे प्रत्येकाला टीव्ही बदलायचाच होता. २०१० च्या आर्थिक वर्षात प्लँटला दोन कोटी पंचाहत्तर लाखांहून जास्त वस्तू आल्या. गोडाऊनं भरून वाहिली, डब्यांच्या थप्प्या पावसात उभ्या राहिल्या.

यातलं किती पॉइंटमुळे आणि किती ॲनालॉग बंद होण्यामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि मी काढायचा आवही आणणार नाही. पण एक गोष्ट दिसते. हे जास्तीचे पॉइंट मिळवायला रिसायकलिंगच्या पावतीची कॉपी जोडावी लागायची. म्हणजे ट्रकवाल्याला फुकट दिलेल्या टीव्हीची किंमत आता शून्य राहिली नव्हती, तीन हजार येनचं नुकसान होतं. फी न वाढवता, न घटवता, दुसरं दार महाग केलं गेलं.

मग आधी पैसे घेतले असते तर?

हा प्रश्न जपानमध्ये दर पाच-सात वर्षांनी, कायद्याचा आढावा घ्यायची वेळ आली की वर येतो. नगरपालिका परत म्हणतात आधी घ्या, कंपन्या परत म्हणतात नंतर घ्या, समिती बसते, जाडजूड अहवाल येतो आणि नंतरच घेतले जातात. पण आधी घेतले तर काय होतं ते बघायला जपानबाहेर जायची गरज नाही, त्यांनी स्वतःच दोन वस्तूंवर करून बघितलंय.

पहिली गाडी. जानेवारी २००५ पासून नवीन गाडी घेतानाच रिसायकलिंगचे पैसे भरायचे, दहा हजार येनच्या आसपास, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. ते कंपनीला मिळत नाहीत, एका वेगळ्या संस्थेकडे त्या गाडीच्या नावावर जमा राहतात. गाडी विकली तर नवीन मालक तेवढे पैसे जुन्या मालकाला देतो आणि डिपॉझिट गाडीबरोबर पुढे जातं. शेवटचा मालक भंगारात देतो तेव्हा त्याला काहीच द्यावं लागत नाही. कायद्याच्या आधी बेवारस टाकलेल्या आणि बेकायदा साठवलेल्या गाड्या दोन लाखांहून जास्त होत्या, त्या काही हजारांवर आल्या. फीचं यश म्हणून हे सांगतात, पण त्याच काळात लोखंडाचा भाव चढला होता हेही सांगायला पाहिजे, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन असतं, ते रद्द केल्याशिवाय टॅक्स चालू राहतो. टीव्हीला नंबरप्लेट नसते.

दुसरी वस्तू म्हणजे घरचा कॉम्प्युटर, आणि इथे सगळा उत्साह मावळतो. ऑक्टोबर २००३ नंतर विकलेल्या कॉम्प्युटरवर एक छोटा स्टिकर असतो, त्याचा अर्थ रिसायकलिंगचे पैसे किमतीत आलेत, टाकताना कंपनीला कळवा, फुकट नेतील. आधीच्या कॉम्प्युटरना मात्र तीन-चार हजार येन भरायचे. म्हणजे स्टिकरवाल्याला एक पैसा द्यायचा नाही. तरी कंपन्यांकडे परत येणारे कॉम्प्युटर कमीच राहिले. का? लोक कॉम्प्युटर टाकतच नाहीत. कपाटात ठेवतात. फोटो आहेत, बँकेचे पासवर्ड आहेत, कधीतरी लागेल. आणि द्यायचाच झाला तर फॉर्म भरा, चिठ्ठी यायची वाट बघा, खोक्यात घाला, पोस्टात न्या, त्यापेक्षा खालून जाणारा ट्रक सोपा. पैसे आधी घेतल्याने फीची अडचण सुटली पण वस्तू काही आली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आधी घेतलेली फी नव्वदच्या दशकापासून व्यवस्थित चालते, कॅलिफोर्नियात २००५ पासून स्क्रीनच्या साइजप्रमाणे खरेदीच्या वेळी सहा, आठ, दहा डॉलर घ्यायला सुरुवात झाली आणि ती रक्कम नंतर वर-खाली होत राहिली. स्विस लोकांचं यश फीपेक्षा या गोष्टीत जास्त आहे असं मला वाटतं की तिथे कुठल्याही संबंधित दुकानात, काहीही विकत न घेता, जुनी वस्तू टेकवून निघता येतं.

आणि फुकटात काय होतं तेही जपानने दाखवलं. २०१७ ते २०१९ मध्ये तोक्यो ऑलिंपिकची मेडल बनवायला लोकांकडून जुने फोन आणि छोटी उपकरणं मागितली. जवळजवळ ७९ हजार टन माल आला, बासष्ट लाख फोन, त्यातून ३२ किलो सोनं, साडेतीन टन चांदी. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला फोन माणसाने आनंदाने आणून दिला, कारण कोणाच्या तरी गळ्यात त्याचं मेडल पडणार होतं.

निशिकसाईची आपली मंडळी

तोक्योच्या पूर्वेला निशिकसाई भागात भारतीय खूप, त्यात आयटीवाले मराठी भरपूर. प्रोजेक्ट संपला की घर रिकामं करायचं असतं आणि तेव्हा या कायद्याची ओळख होते. नवीन काही घेत नाहीत, फ्रिज दुकानातून नाही तर दुसऱ्या कोणाकडूनच घेतलेला असतो, त्याची पावती कुठे आहे कोणालाच माहीत नसतं. फ्रिजची फी आणि नेणावळ मिळून आपले चार हजार रुपये. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, फ्रिज चालू स्थितीत, फुकट, फक्त स्वतः येऊन न्या, रविवारच्या आत. काही जण तर वर तांदूळ, कुकर आणि पडदे देतात. हेही पैसे देणंच आहे, फक्त वस्तूंमध्ये. तो फ्रिज असा चार घरं फिरतो आणि शेवटी ज्याच्याकडे बंद पडतो तो बिल भरतो. सेकंडहँड बाजाराला या फीने जे बळ दिलं ते मला या कायद्याचा सगळ्यात चांगला परिणाम वाटतो, आणि तो कोणी ठरवून केलेला नाही.

तीच व्यक्ती पुण्याला परत येते आणि सोसायटीत ई-कचऱ्याची पेटी आली की विचारते, किलोला किती देणार? यात ढोंग काही नाही. समोरची दारं बदलली.

आपल्याकडे

आपल्याकडे भंगारवाला जुन्या फ्रिजचे पाचशे-हजार देतो आणि दोन मजले खाली स्वतः उतरवून नेतो. त्यामुळे इथे ग्राहकाला फी विचारणं म्हणजे त्याला हजार सोडून वर आणखी द्यायला सांगणं. सर्व्हेमध्ये शून्य लिहिणाऱ्यांचे तीन प्रकार असतात आणि ते वेगळे न करता सरासरी काढली की आकडा निरुपयोगी होतो. एकाकडे खरंच पैसे नाहीत. दुसऱ्याकडे आहेत, पण त्याचं म्हणणं की बनवली कंपनीने, नफा कंपनीने खाल्ला, तर निस्तरावं कंपनीने. तिसऱ्याला शून्य हाच जास्त वाटतो, त्याला मिळतात ना पैसे. आपल्याकडे दुसरा आणि तिसरा मिळून बहुमत असेल असं मला वाटतं, आणि दुसऱ्याचं म्हणणं आपल्या कायद्यालाही मान्य आहे.

कारण २०११ च्या नियमांपासून भारताने जबाबदारी कंपनीवर टाकलीय. २०१६ च्या नियमांत डिपॉझिट घेऊन परत करायची सोय ठेवली होती, म्हणजे खरेदीला थोडे जास्त घ्या आणि वस्तू परत आणली की परत द्या, पण ती कंपनीच्या मर्जीवर होती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत कंपनीने रिसायकलरकडून माल रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट विकत घ्यायचं. मग सर्टिफिकेटं इतकी स्वस्त मिळायला लागली की खरं रिसायकलिंग करणाऱ्याला परवडेना, म्हणून सरकारने किमान भाव ठरवला, घरगुती इलेक्ट्रॉनिक्सला किलोला २२ रुपये. त्यावर मोठमोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. पन्नास किलोच्या फ्रिजला हे होतात ११०० रुपये. हे ११०० शेवटी फ्रिजच्या किमतीत जाणार हे कोणीही सांगेल, फक्त बिलावर तशी ओळ नसेल. म्हणजे पैसे द्यायची तयारी आहे का हे ग्राहकाला न विचारताच आपण आधी घ्यायची पद्धत निवडलीय, आणि ग्राहकाला ते माहीत नाही.

जपानी कॉम्प्युटरने दाखवलं ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. पैसे जमा झाले म्हणून वस्तू येत नाही. इथे तर वस्तू आणण्यासाठी कंपनीला भंगारवाल्याच्या हजार रुपयांशी बोली लावावी लागते, आणि भंगारवाला तो फ्रिज पुढे दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पाठवतो जिथे गॅस हवेत आणि फोम नाल्यात.

मला या सगळ्यात एकच जागा दिसते जिथे आपल्याकडे काही जमू शकेल, ती म्हणजे दिवाळीतली एक्स्चेंज ऑफर. आपला माणूस नवीन फ्रिज घेताना जुन्याचे दीड-दोन हजार कमी करून घेतो, दारात टेम्पो उभा असतो, जुना बाहेर निघतो. जपानमध्ये लोकांनी ज्या क्षणी पैसे दिले तोच हा क्षण. पण त्यानंतर तो जुना फ्रिज जातो कुठे? डीलरच्या गोडाऊनमधून ठेकेदार लॉटने उचलतो, आणि त्याच्यापुढे माग काढायची काही सोय नाही. त्या बिलावर जुन्या फ्रिजचा नंबर टाकला आणि तो प्लँटला पोचल्याशिवाय डीलरला एक्स्चेंजची रक्कम कंपनीकडून मिळाली नाही, तर ठेकेदाराला लॉट विकायचं डीलरला काही कारणच उरत नाही. ग्राहकाला यात खिशात हात घालायला लागत नाही, दीड हजारांच्या जागी तेराशे मिळाले तर तो कुरकुर करेल आणि घेईल. आणि त्याची तयारी किती आहे हे कोणाला मोजायचंच असेल तर त्याने फॉर्म घेऊन सोसायटीत फिरण्यापेक्षा धनत्रयोदशीच्या आठवड्यात शोरूमच्या काउंटरवर उभं राहावं, एका बिलावर दोनशे कमी करावेत, दुसऱ्यावर चारशे, आणि बघावं कितव्या रुपयाला माणूस म्हणतो, राहू द्या, जुना मी भंगारवाल्यालाच देतो.